संघातून बाहेर पडायचं का? यावर आपल्या गावात चर्चा आणि मतदान कसं घ्यायचं

सांगलीत आम्ही तीस-पस्तीस जण महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो. एमपीएससी करणारी पोरंपोरी असतात, रिटायर झालेले दोन-तीन सर असतात, तासगाव-पलूसकडचे बागायतदार येतात, मिरजेहून ताई येतात, एक विषय ठरवायचा आणि दोन-अडीच तास त्यावर बोलायचं. ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटननं युरोपियन युनियन सोडण्यावर, आम्ही दोनदा बसलो. पहिल्यांदा अर्ध्या तासात गाडी भलतीकडंच गेली, कोण इंग्रजांना शिव्या देतंय, कोण बेळगाववर बोलतंय, एक काका तर रागानं उठून निघून गेले. दुसऱ्यांदा आधी नीट तयारी केली आणि ती बैठक मला आजपर्यंतची सगळ्यात चांगली वाटते. आता कराड आणि विट्याकडच्या दोन ग्रुपनी विचारलंय की तुम्ही ते नेमकं कसं केलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. "बाहेर पडायचं का" हा प्रश्न एकटा विचारायचा नाही. त्याच्या पाठोपाठ "बाहेर पडून कुठं" आणि "राहायचं तर कसं" हे दोन्ही लावायचे. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला फक्त पहिला प्रश्न विचारला गेला, ५१.९ टक्के बाहेर, ४८.१ टक्के आत, आणि पुढची साडेतीन वर्षं अख्खा देश उरलेल्या दोन प्रश्नांवर भांडत राहिला.

आधी कागद करा

बैठकीच्या आठवडाभर आधी एक पानाचा कागद करा, मराठीत, आणि त्यात दोन्ही बाजू नाकारू शकणार नाहीत एवढंच लिहा. आमच्या कागदावर असं होतं: ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला युरोपीय समुदायात गेलं, १९७५ मध्ये लोकांना विचारलं की राहायचं का तर ६७ टक्के हो म्हणाले, मग त्या समुदायाचा पुढं युरोपियन युनियन झाला, त्याचे अधिकार वाढले, २०१३ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं, २०१६ ला ते झालं, मतदान ७२.२ टक्के, बाहेर पडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख आणि राहा म्हणणारे १ कोटी ६१ लाख. २९ मार्च २०१७ ला लिस्बन कराराच्या कलम ५० खाली नोटीस गेली, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं आणि २०२० च्या डिसेंबरअखेर जुने नियमही संपले. एवढंच. मतं, विशेषणं, फोटो काही नको. झेरॉक्स काढून आधीच वाटा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं कुणी वाचत नाही, हातात कागद आला की माणूस येताना एसटीत का होईना वाचतो.

हा कागद दोघांनी मिळून करावा, एक बाहेरच्या बाजूचा आणि एक आतल्या बाजूचा. आमच्याकडं एका सरांनी आणि एका एमपीएससीवाल्या मुलीनं केला, चार ओळींवर दोन दिवस फोनाफोनी चालली आणि त्या चार ओळी शेवटी काढूनच टाकल्या. काढलेल्या ओळी मात्र वेगळ्या ठेवा, पुढं लागतात.

सार्वभौमत्व म्हणजे काय ते आधी ठरवा

हा शब्द आपल्याला शाळेपासून पाठ आहे, उद्देशिकेत आहे, पण बैठकीत तीन जणांना विचारलं तर तीन वेगळे अर्थ निघतात. म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं यालाच द्या. प्रत्येकानं एका ओळीत लिहायचं. आमच्याकडं बहुतेकांच्या ओळीचा मथितार्थ एकच निघाला, शेवटचा शब्द कुणाचा. मग त्यावरच पुढं जा.

इथं बाहेर पडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं जीव लावून समजावून सांगा, कारण आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की ते लोक नुसते परक्यांवर चिडलेले होते. तसं नाही. १९८८ मध्ये ब्रिटिश संसदेनं एक कायदा केला, परदेशी मालकीच्या, त्यातही स्पॅनिश, मासेमारी बोटींनी ब्रिटिश झेंडा लावून ब्रिटनच्या वाट्याचे मासे नेऊ नयेत म्हणून. स्पॅनिश बोटवाले कोर्टात गेले, प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९९० मध्ये ब्रिटनच्याच वरिष्ठ न्यायालयानं स्वतःच्या संसदेचा कायदा बाजूला ठेवला, कारण युरोपचा कायदा वर. ज्या देशात शेकडो वर्षं शिकवलंय की संसदेच्या वर कुणी नाही, तिथल्या माणसाला हे टोचणारच. आपल्या ग्रामसभेनं एखादा ठराव केला आणि वरून कुणीतरी, ज्याला आपण निवडून दिलेलं नाही, तो रद्द केला तर आपल्याला कसं वाटेल, असं विचारा, हॉल शांत होतो.

मग दुसरी बाजू. हे वरचेपण ब्रिटनवर कुणी लादलेलं नव्हतं, १९७२ मध्ये त्यांच्याच संसदेनं कायदा करून ते मान्य केलं होतं आणि ठरवलं तेव्हा त्याच संसदेनं तो कायदा रद्दही केला. म्हणजे किल्ली कायम घरातच होती, दार लावलेलं होतं एवढंच, असं राहा म्हणणारे सांगतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि हीच या विषयाची अवघड जागा आहे.

आमच्या सरांनी इथं साताऱ्याचं उदाहरण दिलं आणि ते इतकं नेमकं बसलं की मी प्रत्येक ग्रुपला ते वापरा म्हणून सांगेन. १८१९ च्या तहानं कंपनीनं प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. १८३९ ला त्याच तहाचा भंग केला असा ठपका ठेवून त्यांना गादीवरून काढलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि जवळपास चौदा वर्षं तिथं झगडत राहिले, महाराज वारले, १८४८ ला डलहौसीनं सातारा खालसाही केलं, तरी निकाल हातात आला नाही. तह कागदावर होता, पण त्याचा अर्थ लावायचा अधिकार कंपनीकडंच होता. तर सार्वभौमत्वाचा खरा प्रश्न असा की करार केला हे ठीक, त्याचा अर्थ कोण लावणार? ब्रेक्झिटच्या वाटाघाटीत लक्झेंबर्गच्या युरोपीय कोर्टावरून एवढी ओढाताण का झाली ते लोकांना इथं पटकन कळतं. आणि फरकही लगेच सांगायचा, साताऱ्याला बाहेर पडायला दार नव्हतं, ब्रिटनला कलम ५० चं दार होतं, नोटीस द्या, दोन वर्षांत बोलणी करा, जा. कुणीतरी कुंडलच्या प्रतिसरकारचा विषय काढेलच, नाना पाटलांचा, काढू द्या, अभिमानाची गोष्ट आहे, पण साम्राज्य झुगारणं आणि स्वतः होऊन घेतलेलं सभासदत्व सोडणं यातला फरक त्याच वेळी स्पष्ट करून पुढं सरका.

वाटणीची उपमा येणार, तिचं काय करायचं

पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे भावाभावांची वाटणीच की." येऊ द्या. उलट तीच उपमा घेऊन विचारा, विहिरीचं काय? आपल्याकडं वाटणी कागदावर एका दिवसात होते, पण सामाईक विहीर, पाण्याची पाळी, बांधावरनं जाणारी वाट, यावर पोरांची पोरंसुद्धा भांडतात. ब्रिटनची सामाईक विहीर म्हणजे आयर्लंडची सीमा. सुमारे ५०० किलोमीटर, एका बाजूला युनियनमध्ये राहिलेला आयर्लंड देश, दुसऱ्या बाजूला ब्रिटनबरोबर बाहेर पडणारं उत्तर आयर्लंड, तीस वर्षांचा रक्तपात १९९८ च्या करारानं थांबलेला, त्या सीमेवर परत चौक्या नकोत असं सगळेच म्हणतात. आता चौकी जमिनीवर नको तर माल तपासायचा कुठं? शेवटी तपासणी समुद्रावर गेली, म्हणजे ब्रिटनच्या दोन भागांच्या मध्येच, त्यावरनं उत्तर आयर्लंडमधले ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणारे दुखावले, २०२३ ला विंडसर फ्रेमवर्क नावाचा ब्रिटन आणि युरोपियन युनियनमधला समझोता करून थोडं सैल केलं. हे समजावायला नकाशा लावा, नकाशाशिवाय ही गोष्ट कुणालाही कळत नाही, आम्ही फळ्यावर खडूनं काढला होता आणि तेवढं पुरलं.

प्रश्न, मतदार आणि किती मतं, हे तिन्ही आधी लिहून लावा

मतदानाच्या आधी भिंतीवर एक मोठा कागद लावायचा, त्यावर तीन गोष्टी, आणि एकदा लावला की बदलायचा नाही.

पहिलं म्हणजे प्रश्नाचे शब्द. ब्रिटनमध्ये आधी हो-नाहीचा प्रश्न ठरत होता, युनियनचं सभासद राहावं का? तिथल्या निवडणूक आयोगानं सांगितलं की असं विचारलं तर राहणाऱ्यांना "हो" चा फायदा मिळतो, म्हणून प्रश्न बदलून "राहावं की सोडावं" असे दोन्ही शब्द घातले. कॅनडात १९९५ ला क्युबेक प्रांतानं वेगळं व्हायचं का असं विचारलं तेव्हा प्रश्नच इतका गुंतागुंतीचा होता की नंतर तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९९८ ला सांगितलं, प्रश्न स्पष्ट हवा आणि बहुमतही स्पष्ट हवं. तिथं निकाल किती काठावर लागला ठाऊक आहे का, ५०.५८ टक्के नाही, ४९.४२ टक्के हो. आपल्या शेजारचं उदाहरणही सांगा, गोव्याचं, कारण ते आपल्या लोकांना जवळचं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, फूल आणि दोन पानं अशी चिन्हं, दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. वेगळं पूर्ण राज्य हा पर्याय त्या पत्रिकेवर नव्हताच, आणि शेवटी १९८७ ला झालं तेच. पत्रिकेवर काय छापलं नाही हेही बघायला लोकांना शिकवा.

दुसरं, मत कुणाला. इथं मी थोडा जास्त वेळ द्या म्हणेन कारण पोरं हादरतात. २०१६ ला ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत होतं, राष्ट्रकुल देशातला म्हणून, पण वीस वर्षं तिथं राहून कर भरणाऱ्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला नव्हतं, आणि पोटावर पाय तर त्याच्याच येणार होता. मिरजेच्या ज्या ताई आमच्याकडं येतात त्यांची मुलगी तिकडं हॉस्पिटलात नर्स आहे, ती तेव्हा गेली असती तर तिला मत असतं, तिच्या शेजारी काम करणाऱ्या पोर्तुगीज नर्सला नसतं. हे बरोबर की चूक? आमच्यात एकमत झालं नाही, तुमच्यातही होणार नाही, पण प्रश्न पडायला पाहिजे. स्कॉटलंडनं २०१४ ला, ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का या मतदानात, सोळा वर्षांच्या पोरांना मत दिलं होतं, २०१६ च्या मतदानात अठराच्या खाली नाही. आमच्या हॉलमध्ये एक अकरावीतला मुलगा होता, त्याला मत द्यायचं का यावर आधी मतदान घ्यावं लागलं, दिलं.

तिसरं, किती मतांनी जिंकलं म्हणायचं. ब्रिटनमध्ये एकानं जास्त असलं तरी बास होतं, आणि कायद्यानं तर ते मतदान नुसतं सल्ल्याचं होतं. पण १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यायची का यावर मतदान झालं तेव्हा अट होती की एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी हो म्हणायला पाहिजे, मत देणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के हो म्हणाले पण एकूण यादीच्या ३३ टक्केच भरले, बारगळलं, आणि ती जखम स्कॉटलंडनं वीस वर्षं जपली. मॉन्टेनेग्रोला २००६ मध्ये सर्बियापासून वेगळं व्हायला ५५ टक्क्यांची अट होती, ५५.५ पडले, झालं वेगळं. माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या, परत न फिरवता येणाऱ्या गोष्टीला साध्या बहुमतापेक्षा थोडं जास्त लागावं, पण अट नंतर घातली तर ती फसवणूक, आधी घातली तर तो नियम. म्हणून भिंतीवरचा कागद.

आणि हात वर करून मतदान अजिबात नको. आपल्याकडं कारखान्याच्या वार्षिक सभेत "मंजूर, मंजूर" कसं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. बंद पेटी, घडी घातलेली चिठ्ठी, भले बिस्किटाचा पुठ्ठ्याचा खोका असूदे.

दाव्यांचं काय

कागदातनं काढलेल्या त्या ओळी आता बाहेर काढा. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊया. त्या आकड्यात ब्रिटनला मिळणारी सूट धरलेली नव्हती, ती वजा केली की साधारण २५ कोटी राहतात, आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या वगैरे रूपानं परत येत होते, तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं तेव्हाच सांगितलं होतं. आता दुसरीकडं बघा, सरकारच्या अर्थखात्यानं मतदानाआधी सांगितलं की बाहेर पडायचा कौल आला की लगेच वर्षभर मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील. कौल आला, ती मंदी लगेच आली नाही. याचा अर्थ नुकसान झालंच नाही असा पण नाही, तिथल्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे की लांब पल्ल्यात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. दोन्ही बाजूंचा एकेक फुगवलेला दावा शेजारी शेजारी मांडला की कुणी कुणाला खोटारडा म्हणायला धजत नाही, हा आमचा अनुभव. स्थलांतरावर पण असंच, युरोपातनं येणारे कमी करायचे म्हणून लोकांनी मत दिलं आणि नंतर युरोपाबाहेरनं, आपल्याकडनंसुद्धा, येणारे इतके वाढले की २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ भर ९ लाखांच्या वर गेली. मिरजेच्या ताईंची मुलगी त्याच लाटेत गेली.

दोनदा मतदान घ्या, हा खरा गाभा

पहिली फेरी साधी, राहायचं की सोडायचं, अगदी २०१६ सारखी. आमच्याकडं ३७ जण होते, २० सोडा, १७ राहा. फळ्यावर लिहिलं, टाळ्या झाल्या, मग मी म्हटलं की आता सोडा वाल्यांनी कुठं जायचं ते सांगा.

तीन चिठ्ठ्या ठेवल्या. पहिली नॉर्वेसारखं, युनियनमध्ये नाही पण त्यांच्या बाजारात आहे, त्यासाठी नियम पाळायचे, पैसेही द्यायचे आणि नियम करताना मत मात्र नाही. दुसरी कॅनडासारखं, लांबचा व्यापार करार, नियम आपले पण माल सीमेवर थांबणार. तिसरी काहीच करार नाही, जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर. हे समजावायला द्राक्षाचं उदाहरण घ्या, आपल्या भागात दुसरं काही लागत नाही. तासगावकडच्या एका काकांनी उभं राहून सांगितलं, आधी युरोपला माल पाठवताना औषधाच्या अंशाची एकच यादी बघायची, लंडनला जाऊदे नाहीतर रॉटरडॅमला. आता २०२१ पासून ब्रिटन आपली मर्यादा स्वतः ठरवतं, म्हणजे दोन याद्या, आज सारख्या असल्या तरी उद्या सारख्या असतीलच असं नाही, आणि उत्तर आयर्लंडला परत युरोपचीच यादी. ब्रिटनला स्वतःची यादी करता येणं हेच तर सार्वभौमत्व, आणि त्या यादीचा खर्च कुणीतरी सोसणार हेही तेवढंच खरं, मग तो आमचा बागायतदार असो नाहीतर तिकडचा दुकानदार. काका खाली बसले आणि सोडा वाल्यांतलाच एक पोरगा उठला, म्हणाला पण काका, युनियनमध्ये असते तर ब्रिटनला आपल्याशी वेगळा व्यापार करार करताच आला नसता, सभासदांच्या वतीनं युनियनच करार करतं, आणि २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या त्या बाहेर पडले म्हणूनच. बरोबर बोलला. असली दोन वाक्यं एकामागोमाग आली की बैठक लागली म्हणून समजा.

सोडा वाल्यांच्या चिठ्ठ्या मोजल्या तर ६, ९, ५. म्हणजे जिंकलेल्या बाजूतसुद्धा कुठं जायचं यावर बहुमत नव्हतं, २० मधल्या ११ जणांना सगळ्यात जास्त मतांचा पर्याय नको होता.

इथं एका मुलीनं हरकत घेतली आणि तिची हरकत शंभर टक्के रास्त होती. ती म्हणाली हा डाव आहे, तुम्ही आम्हाला तीन तुकड्यांत फोडलं आणि राहा वाल्यांना अख्खं ठेवलं, मग तेच मोठे दिसणार. म्हणून सांगतो, राहा वाल्यांच्याही चिठ्ठ्या करायच्या, आम्ही ते तिथल्या तिथं केलं. आहे तसंच राहायचं, का कॅमेरॉन यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत "अधिकाधिक घट्ट होत जाणारा संघ" यातनं ब्रिटनला वगळायचं वचन मिळवलं होतं तसं थोडं लांब राहायचं, का युरो चलनासकट पूर्ण आत जायचं. त्यांचेही तुकडे झालेच, ८, ७, २. तेव्हा हॉलमध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं, कारण थोडं लांब राहणारे सात आणि नॉर्वेसारखं म्हणणारे सहा एकमेकांकडं बघायला लागले, त्यांच्यात अंतर फारच थोडं होतं आणि पहिल्या फेरीत ते एकमेकांच्या विरुद्ध बसले होते.

यानंतरच ब्रिटिश संसदेचं सांगा, आधी सांगितलं तर नुसती माहिती होते, आता सांगितलं तर लोक त्यातनं गेलेले असतात. कॅमेरॉन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडायचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ नं पडला. मग २७ मार्चला खासदारांपुढं आठ पर्याय ठेवले, एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला चार ठेवले, तेही चारही पडले. आमच्या हॉलमध्ये सहा चिठ्ठ्या समोर होत्या आणि कुणालाच याचं आश्चर्य वाटलं नाही.

टेबलं वेगळी मोजा

वेळ असेल तर एक गोष्ट अजून करा, टेबलांना नावं द्या, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड, आणि मतं वेगळी मोजा. खऱ्या मतदानात स्कॉटलंड ६२ टक्के राहा म्हणाला, उत्तर आयर्लंड ५५.८ टक्के राहा, तरी दोन्ही बाहेर गेले. त्यातही स्कॉटलंडनं दोनच वर्षं आधी, २०१४ मध्ये, ५५ विरुद्ध ४५ नं ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं होतं, आणि तेव्हा त्यांना सांगितलेलं एक कारण असं की वेगळे झालात तर युरोपातनं बाहेर पडाल. आमच्या स्कॉटलंडच्या टेबलावरचे लोक मनापासून चिडले होते, नुसतं नाव दिलं होतं तरी.

जत आणि बेळगाव

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा हा विषय येणारच, दाबू नका. शेवटची पंधरा-वीस मिनिटं यासाठी राखून ठेवा आणि सुरुवातीलाच तसं जाहीर करा, म्हणजे मध्येच कुणी उठत नाही. आमची पहिली बैठक यावरच मोडली होती. आणि बोलायच्या आधी घटना काय म्हणते ते साध्या शब्दांत सांगा. युरोपियन युनियन हा सार्वभौम देशांनी करारानं केलेला संघ आहे, बाहेर पडायचं कलम करारातच आहे. भारत तसा नाही, ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्ट सांगितलं की हे संघराज्य घटकांच्या आपसातल्या कराराचं फळ नाही, म्हणून कुठल्याही घटकाला फुटून निघायचा अधिकार नाही. राज्यांच्या सीमा मात्र कलम ३ नं संसद साध्या बहुमतानं बदलू शकते, राज्याचं मत विचारायचं असतं पण ते बांधील नसतं. जत किंवा बेळगावचा प्रश्न हा या दुसऱ्या खणातला आहे, एका घरातली खोली बदलायचा, घर सोडायचा नाही.

जतचं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जायचे ठराव केले होते, २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ते परत वर काढले आणि एकदम गदारोळ झाला. त्या गावांत जाऊन विचारा, लोक पाण्याबद्दल बोलतात. टँकरबद्दल, म्हैसाळचं पाणी आपल्यापर्यंत कधी येणार याबद्दल, पलीकडच्या गावात पाणी दिसतं त्याबद्दल. गदारोळानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला एकदम गती आली. आमच्याकडं जतचा एक मुलगा येतो, तो म्हणाला, "आम्ही जातो म्हटल्यावर तुमाला आमी दिसलो." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. इंग्लंडच्या उत्तरेतल्या, खाणी-कारखाने बंद पडलेल्या गावांनी सोडा म्हणून भरभरून मत का दिलं, ते आम्हाला त्या एका वाक्यातनं जेवढं कळलं तेवढं कागदातनं कळलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे, हा विषय शेवटी घ्या पण टाळू नका, आणि त्या भागातला माणूस असेल तर त्याला सगळ्यात आधी बोलू द्या.

बाकी बारीकसारीक

एकाला तीन मिनिटं, घड्याळ अशा माणसाच्या हातात द्या ज्याला कुणी उलटून बोलत नाही, आमच्याकडं त्या ताई होत्या. मोबाईलवर शोधायला बंदी नको, पण सापडलेलं आधी कागद करणाऱ्या दोघांना दाखवायचं. पहिल्या फेरीनंतर चहा आणि भडंग, मध्ये उठल्यावर दोन बाजूंची माणसं मिसळतात आणि खरी चर्चा जिन्यात होते. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ठेवू नका, बागायतदार येत नाहीत, आणि या विषयाला ते पाहिजेतच.

चिठ्ठ्या फेकू नका. एकदा विचारलं ते कायमचं का, हा ब्रिटनमधला शेवटपर्यंत चाललेला वाद आहे. एक बाजू म्हणत होती करार हातात आल्यावर लोकांना परत विचारा, दुसरी म्हणत होती निकाल आवडला नाही म्हणून परत विचारणं हा मत दिलेल्या माणसांचा अपमान आहे. १९७५ आणि २०१६ मध्ये एक्केचाळीस वर्षं गेली, क्युबेकनं १९८० आणि १९९५ असं दोनदा विचारलं. परत कधी विचारायचं हेही भिंतीवरच्या कागदावर आधीच लिहिता येतं, आम्ही लिहिलं होतं, द्राक्षं उतरली की खरड छाटणीची गडबड सुरू व्हायच्या आत. सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून, दोन्ही बाजूंच्या एकेकाची सही घेऊन वाचनालयाच्या कपाटात ठेवल्यात. पहिल्या बैठकीतनं उठून गेलेले काका परवा मार्केट यार्डात भेटले, आपण होऊनच विचारलं की पाकीट कधी उघडताय, मी येणार आहे म्हणून.